‘एफ’ काढून ‘झेड’ लिहा ना, ताई

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले एक काका मुलाला घेऊन समुपदेशक ताईंकडे आले. मुलगा २७ वर्षांचा, मकरपुऱ्यातली नोकरी गेलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एका दवाखान्यात विम्याच्या फॉर्मवर एफ३३.१ लिहिलं होतं. आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक यादीतला हा कोड; तिथे ‘एफ’ म्हणजे मानसिक आजार. काकांचं म्हणणं, "बेरोजगारीचा झेड५६.० असतो ना, तेवढाच लिहायला सांगा. एफ दिसला की विमा अडतो, पुढे लग्नही."

ही विनंती नेहमीचीच. पण इथे कोड खरोखरच चुकला होता. काकांना वाटत होता तसा मात्र नव्हे.

एफ३३ म्हणजे पुन्हा उद्भवणारं नैराश्य. त्यासाठी आधी किमान दोन आठवड्यांचा एक झटका होऊन गेलेला हवा आणि मध्ये काही महिने माणूस ठीक असायला हवा. मुलाशी एकट्याशी, त्याच्या संमतीने बोलणं झालं. "पूर्वीही त्रास झाला होता का?" असं दवाखान्यात विचारल्यावर तो "हो" म्हणाला होता. तो त्रास म्हणजे बारावीच्या परीक्षेआधी चार-पाच दिवस झोप उडाली होती, एवढाच. "किती दिवस?" हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. एफ३३ मध्ये चूक होते ती अशी.

आता सात आठवडे मन उदास, क्रिकेटपासून सगळ्यातला रस गेलेला. पहाटे चारला जाग, भूक कमी, लक्ष लागत नाही. म्हणजे मुख्य तीनपैकी (उदासी, रस जाणं, थकवा) पहिली दोन लक्षणं आणि जोडीला तीन. आयसीडी-१० प्रमाणे हा मध्यम तीव्रतेचा पहिला झटका, एफ३२.१. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत गुण १४ आला, तोही त्याच पट्ट्यातला; पण कोड मुलाखतीवरून ठरतो, गुणांवरून नाही.

नोकरी गेल्यामुळे झालं, मग समायोजन विकार (ताणाच्या प्रसंगाशी जुळवून घेता न आल्याने होणारा त्रास), एफ४३.२ का नको? कारण दिसलं की तो कोड लिहायचा मोह होतोच. पण नैराश्याचे निकष पूर्ण भरले की कारण कितीही उघड असलं तरी तो बसत नाही.

दारू नाही, थायरॉइड ठीक. आठवडाभर झोपेची गरजच न वाटता अंगात भलताच उत्साह संचारला, असंही कधी झालेलं नाही; झालं असतं तर विचार एफ३१ कडे, म्हणजे द्विध्रुवी (बायपोलर) विकाराकडे गेला असता आणि औषधंही बदलली असती.

राहिला झेड५६.० . तो जोडकोड म्हणून चालतो. एकटाच लिहिला तर अर्थ होतो ‘आजार नाही, फक्त परिस्थिती’. मग औषधोपचारांचा दावा कशावर करणार? मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम २१(४) शारीरिक आजारांसारखाच विमा मानसिक आजारालाही द्यायला सांगतं. लग्नाबद्दल एवढंच की कलम २३ प्रमाणे दवाखाना ही माहिती मुलीकडच्या पाहुण्यांना देऊ शकत नाही.

निदानावर सही समुपदेशकाची नाही, डॉक्टरांची लागते. समुपदेशकाने लक्षणं, तारखा आणि बारावीचा तो खुलासा लिहून पाठवला. डॉक्टरांनी स्वतः तपासून एफ३३.१ वर एकच रेघ मारली, खाली एफ३२.१ व झेड५६.० लिहून तारीख घातली. पांढरी शाई लावली नाही, कारण खाडाखोडीच्या कागदावर विमावाले आधी तिथेच बोट ठेवतात. फॉर्मवर आयसीडी-११ मागितलं असेल तर तिथे ६ए७०.१ येईल, दोन आवृत्त्यांचे कोड एका कागदावर मिसळायचे नाहीत.