बाबा अजूनही आईशी बोलतात

‘आईला जाऊन चार महिने झाले, पण बाबा खोलीत तिच्याशी मोठ्याने बोलत असतात. आम्ही घरात तिचा विषयच बंद केलाय, फोटोसुद्धा आत ठेवलाय. त्यांच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना?’ थोरल्या लेकीने बसल्या बसल्या विचारलं. ही काळजी घेऊन अनेक मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

डॉ. डेवी रीस यांनी वेल्समधल्या २९३ विधवा आणि विधुरांशी बोलून १९७१ साली निष्कर्ष मांडले होते. त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व कुठल्या ना कुठल्या रूपात जाणवत होतं. कुणाला आवाज ऐकू यायचा, कुणी त्यांच्याशी बोलायचं. बहुतेकांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. लोक वेड्यात काढतील ही भीती तेव्हाही होतीच.

बाबांना मी एकटं भेटले. बायको आता नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ‘अहो, शेवटी मीच होतो तिच्याजवळ. एक्कावन्न वर्षं दिवसभरातलं सगळं तिला सांगत आलो. आता कुणाला सांगू? मी तिचं नाव काढलं की पोरं उठून जातात.’

मुलांना आणखी एक धास्ती होती, ती विसरभोळेपणाची. डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासली होती, त्यात काही निघालं नव्हतं. मग मी त्यांच्या संसाराबद्दल विचारत गेले. आई घरातली कर्ती. नातेवाइकांची नावं, वाढदिवस, औषधांच्या वेळा, कोण कुणावर रुसलंय, हे सगळं तिच्या डोक्यात. व्यवहार आणि कागदपत्रं बाबांकडे. लांबच्या सहजीवनात आठवणींचीही अशी वाटणी होते, हे डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात मांडलं. बाबा विसरत नव्हते. त्या गोष्टी त्यांच्याकडे कधी नव्हत्याच. हे ऐकून लेक बराच वेळ रडली. आईबरोबर बाबांचं एवढं काही गेलं असेल, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

पुढच्या वेळी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि आईबद्दल बोलायला सांगितलं. मुलं, सुना, नातवंडं, सगळेच तिच्या कष्टांबद्दल आणि मायेबद्दल भरभरून बोलले. बाबा गप्प. शेवटी म्हणाले, ‘फार हट्टी होती ती. आणि बरोबर होती. लग्नानंतर तिला पुढे शिकायचं होतं, मी नाही म्हटलं. कितीतरी महिने माझ्याशी कामापुरतंच बोलायची. चुकलो, असं मी तिला कधी म्हटलं नाही. ते आता रोज म्हणतो.’

मुलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटतं, घरातली वडीलधारी बाई गेल्यावर आपण तिला इतक्या उंचावर बसवतो की, नवऱ्याला आपल्या बायकोबद्दल खरं बोलायला जागाच उरत नाही. बाबांना तिची थोरवी ऐकायची नव्हती. त्यांना ती एकोणिसाव्या वर्षीची, रुसलेली मुलगी आठवायची होती.

फोटो पुन्हा बाहेर आला. आईची वही काढून लेक आणि बाबा वाढदिवस, फोन नंबर आणि औषधांच्या वेळा नव्याने लिहून काढतायत. हे बोलणं कधी थांबेल, असं लेकीने विचारलं. कदाचित थांबणारही नाही, आणि थांबवायची गरज नाही, असं मी सांगितलं. मात्र जेवण तुटलं, वजन उतरू लागलं, जगण्यात अर्थ नाही असं ते बोलू लागले, ती गेलीये हेच विसरू लागले किंवा आवाज ऐकू येऊन त्यांची भीती वाटू लागली, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं. वर्ष उलटूनही रोजचे व्यवहार ठप्प असतील, तरीही दाखवायचं.

धाकटा मुलगा मात्र आईचा विषय निघाला की अजूनही खोलीबाहेर जातो. पुढच्या भेटीला त्याला एकट्याला बोलावलंय.