अनोळखी मंडळींत पहिला विनोद करताना

बैठकीत पहिल्यांदाच विनोद करणार असाल, तर पाठ केलेला लांबलचक चुटका घरीच ठेवावा, कारण जे लोक अजून एकमेकांची नावेही नीट जाणत नाहीत, ते मिनिटभराची गोष्ट धीराने ऐकतील अशी अपेक्षा करणे चूक ठरते. दोन वाक्ये पुरेशी असतात: पहिले अपेक्षा निर्माण करते, दुसरे ती मोडते. ज्या शब्दावर हसू यायचे तो वाक्याच्या अगदी शेवटी ठेवावा, त्याआधी श्वासभर थांबावे आणि नंतर एकही शब्द जोडू नये. नवखे लोक नेमके इथेच घाई करतात आणि पिकलेल्या हशावर स्वतःच बोलू लागतात. ‘एक गंमत सांगतो’ अशी प्रस्तावनाही टाळावी.

विषय सर्वांच्या डोळ्यांसमोरचा असावा, म्हणजे डगमगणारी खुर्ची, बंद पडलेला माईक किंवा स्वतःचा वेंधळेपणा. कुणाचे रूप, वय, बोलण्याची लकब यांना हात लावू नये. (यजमानांची थट्टा तर ओळख मुरल्यावरच!) कुणी हसले नाही, तर विनोद समजावून सांगू नका, समोरच्याला सरळ एखादा प्रश्न विचारा आणि त्याला बोलू द्या.