वारसा नको असेल, तर तो कोणाला द्यायचा?

प्रश्न : माझ्या वडिलांचे गेल्या वर्षी मृत्युपत्र न करता निधन झाले. त्यांनी स्वतः खरेदी केलेला कोथरूड येथील फ्लॅट आणि पतसंस्थेचे थोडे कर्ज मागे राहिले आहे. आई, दोन भाऊ आणि मी असे चौघे वारस आहोत. मला यातले काहीच नको आहे. थोरले बंधू म्हणतात, "स्टँपपेपरवर लिहून नोटरी करून दे, म्हणजे झाले." एवढे पुरेसे आहे का? आणि मी हिस्सा नाकारला की कर्जही माझ्यामागून सुटेल ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नोटरी केलेला कागद येथे पुरेसा नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार वडिलांच्या मृत्यूच्या क्षणीच फ्लॅटचा एक चतुर्थांश हिस्सा आपल्याकडे आलेला आहे, त्यासाठी आपण संमती देण्याची गरज नव्हती. जे आधीच आपले झाले आहे ते "नको" म्हटल्याने हवेत विरत नाही, ते कोणाच्या तरी नावे सोडावे लागते. म्हणून आपल्याकडे हक्कसोडपत्र करतात, आणि स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावेच लागते. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीसाठी सादर करावे. (वडील हयात असताना असे पत्र केले असते, तर त्याला अर्थ नव्हता, कारण पुढे वारस होण्याची नुसती आशा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६ प्रमाणे हस्तांतरित करता येत नाही.)

हिस्सा कोणासाठी सोडता, हे पत्रात स्पष्ट लिहावे. तो तिघांसाठी समान सोडल्यास प्रत्येकाचा एक तृतीयांश होईल, तर एकट्या धाकट्या भावासाठी सोडल्यास त्याचा निम्मा होईल आणि आईचा हिस्सा पाव राहील. माझ्या मते आईचा विचार येथे आधी व्हावा, कारण नोंदलेले पत्र आपल्याला एकतर्फी रद्द करता येत नाही. मुद्रांक शुल्काची नाममात्र दराची सवलत जवळच्या नातेवाइकांमधील वडिलोपार्जित मिळकतीसाठी आहे. वडिलांनी स्वतः घेतलेला फ्लॅट त्यात बसतो की नाही, याविषयी शंका असल्यास सही करण्यापूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे शुल्क किती लागेल याचा अधिकृत निर्णय, करून घ्यावा.

कर्जाबाबत आपला समज अर्धवट आहे. आपण जामीनदार नसाल, तर वडिलांचे कर्ज आपल्या पगारातून किंवा बचतीतून कोणी वसूल करू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५२ प्रमाणे वारसाची जबाबदारी मृताच्या मालमत्तेतून हाती आलेल्या भागापुरतीच असते. मात्र कर्ज थकीत असताना हिस्सा सोडला, आणि तो धनकोला चुकवण्यासाठी सोडला असे दिसले, तर पतसंस्था त्या व्यवहारालाच न्यायालयात आव्हान देऊ शकते. त्यामुळे चौघांनी मिळून आधी कर्ज फेडावे, पतसंस्थेचा बेबाकी (काहीही येणे बाकी नसल्याचा) दाखला घ्यावा आणि मगच हक्कसोडपत्र करावे. नोंदणीनंतर सूची क्रमांक दोनची (नोंदणी कार्यालयातील दस्ताच्या नोंदीच्या उताऱ्याची, म्हणजे 'इंडेक्स टू'ची) प्रत जोडून गृहनिर्माण संस्थेकडे भागप्रमाणपत्रावरील (शेअर सर्टिफिकेटवरील) नावे बदलण्याचा अर्ज द्यावा.