आधी एक चांदणी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने परवा एसटीच्या वाहकाजवळ दिलेली पिशवी पोहोचली. तीत गोधडीसाठी शिवलेल्या दोन कापडी चांदण्या, रबर लावून ठेवलेले कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे आणि तुझी चिठ्ठी होती : “काकू, नमुना चुकला आहे की मी?” चिठ्ठी वाचून जीव हळहळला आणि गठ्ठे पाहून राग आला. दोन्ही एकाच दुपारी झाले, म्हणून दोन्ही लिहिते.

नमुना मी मांडून तपासला. तो बरोबर आहे. अठरा इंची चौरस छोटी गोधडी, तीत सहा इंची नऊ चांदण्या. एका चांदणीला मधला साडेतीन इंची चौकोन एक, दोन बाय साडेतीनच्या पट्ट्या चार आणि दोन इंची चौकोन बारा. त्यांपैकी आठ चांदणीच्या टोकांचे, चार कोपऱ्यांचे. असे सतरा तुकडे, नऊ चांदण्यांचे १५३. आडव्या ओळीत दोन, साडेतीन आणि दोन मिळून साडेसात इंच कापड येते. दोन शिवणींत दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीत दबणारे कापड, गेली की साडेसहा उरते आणि चारी कडा शेजारच्या चांदण्यांना जोडल्यावर सहा. तुझी सुटी चांदणी साडेसहा भरायला हवी होती, ती सहाच भरली. ब्लाउज शिवता शिवता तुझ्या हाताला जास्त माया धरण्याची सवय लागली आहे. तू दोन सुतांऐवजी, म्हणजे पाव इंचाऐवजी, तीन सूत माया घेतलीस आणि त्या एका सुतापायी बाहेरची टोके शिवणीत गेली, मधल्या चौकोनाला टेकणारी टोकेही बोथट झाली. त्यावरून “हे नवे नमुने आपल्याकडच्या हातांचे नाहीत” असे लिहून तू मोकळी झालीस. सुतावरून स्वर्ग गाठणे म्हणतात ते हेच.

हात सुधारता येतो. मला राग आहे तो १५३ तुकड्यांचा. पहिली चांदणी बिघडलेली दिसत असताना तू उरलेल्या आठांचे कापड कापलेसच कसे? आधी एक चांदणी पुरती शिवावी, इस्त्री करावी, मोजावी, धुवावी, वाळवून पुन्हा मोजावी आणि मगच दुसरीसाठी कात्री उचलावी, हे मी तुला गेल्या वर्षी सांगितले होते. तेव्हा तू मान हलवली होतीस.

माझी आई गेली त्या वर्षी भाचीच्या बारशासाठी मी एका मासिकातला नमुना घेतला आणि आईची चार लुगडी एका बैठकीत कापली. दिवस थोडे होते, घर पाहुण्यांनी भरलेले होते आणि मला सगळ्यांच्या आधी काहीतरी करून दाखवायचे होते. नमुन्यातली मापे शिवून झालेल्या चौकोनांची होती. त्यांत माया धरलेली नव्हती. ती वाढवून कापायची असते, हे मला शेवटच्या लुगड्यापाशी कळले. एक चौकोन शिवून पाहिला असता तर एका वितीवर भागले असते. ते तुकडे आजही पत्र्याच्या पेटीत आहेत. त्यांतल्या एका हिरव्या तुकड्यावर आईने घातलेला रफू आहे, आणि माझी कात्री बरोबर त्याच्या मधून गेली आहे.

आता तुझ्या तुकड्यांविषयी. तू कापले आहेस बरोबर, म्हणून ते वाचतील. मात्र त्यांना हात लावण्याआधी वेगळ्या चिंध्यांची एक चांदणी कर. मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाच्या कडेवर विसंबू नकोस; सुईपासून पाव इंच मोजून पाट्यावर चिकटपट्टी लाव आणि कापडाची कड तिला भिडवून चालव. दोन बाय साडेतीनच्या पट्टीच्या कोपऱ्यावर दोन इंची चौकोन ठेवून पेन्सिलीने कर्ण आखशील, तेव्हा शिवण रेघेवर घेऊ नकोस. कोपरा कापून टाकायचा असतो त्या बाजूला रेघेपासून दोऱ्याइतकी घे, कारण दुमडीतही कापड जाते. मग चौकोन उलटवून त्याची कड पट्टीच्या कडेशी जुळते का ते पाहा आणि जुळली तरच मागचा कोपरा पाव इंच ठेवून काप. दोन्ही तिरप्या शिवणी जिथे मिळतात तिथून काठापर्यंत पाव इंच कापड दिसले पाहिजे. ते दिसले की टोक शिवणीवर नेमके बसते. इस्त्री फिरवू नकोस, ठेवून उचल. तिरपे कापड ताणले की परत येत नाही.

आपल्या भंडाऱ्याकडच्या करवतकाठी लुगड्याच्या काठावर करवतीसारखे दात असतात, ते तू पाहिले आहेस. तुझ्या चांदणीची टोके त्याच जातीची आहेत. विणकर ते दात धाग्याधाग्याने मोजून उठवतो. आपल्या हातात शिवण आहे, म्हणून आपण मोजायचे सोडायचे का?

आत घरचा कापूस भरू का, असे विचारले आहेस. पऱ्हाटी दारात असली तरी एवढ्याशा गोधडीत कापूस भरू नये. टाके दूर पडले की तो सरकतो आणि गोळे होतात. पुष्कळ धुतलेली सुती चादर घाल आणि वरून धावदोरा घाल. नवे कापड घेतलेस तर आधी धुऊन घे, लाल आणि निळे तर नक्कीच.

या धुण्यापायीच आमच्या गटाचे एक काम गेले होते, हे तू ऐकले असशील. चाळीस छोट्या गोधड्यांची मागणी होती, मुदत एका महिन्याची. मी एक शिवून धुतली, तर लाल रंग पांढऱ्यात उतरला. बायका म्हणाल्या, गिऱ्हाईक लगेच धुणार आहे का? मी कात्री दिली नाही. दुसरे कापड येईपर्यंत काम दुसरीकडे गेले. वेचणीचा पूर्ण हंगाम दोघी माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांतल्या एकीला त्या पैशांची खरोखर गरज होती. दुसऱ्यांनी शिवलेल्या गोधड्यांचा रंग गेला की नाही, हे मला कधी कळले नाही. कदाचित गेला नसेल. तरी त्या दिवशी मी कात्री दिली असती तर पेटीतल्या त्या हिरव्या तुकड्याकडे पुन्हा पाहवले नसते. लोक मला हट्टी म्हणतात, म्हणू देत.

तुझे गठ्ठे माझ्याजवळ ठेवून घेतले आहेत. येत्या शुक्रवारी बाजाराला येशील तेव्हा चिंध्यांची एकच चांदणी घेऊन ये, धुऊन वाळवलेली. सोबत तुझी मोजपट्टीही आण; माझ्या टेपचे पहिले दोन इंच झिजले आहेत.

तुझी काकू