वाचकांचे प्रश्न : मुलांचा खर्च आई-वडिलांनी कोठवर उचलावा?

प्रश्न : मी उदगीर तालुक्यातील शेतकरी आहे. पाच एकर कोरडवाहू जमीन असून सोयाबीन हेच मुख्य पीक आहे. माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. बी.एस्सी. झाल्यावर तो राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्याला गेला, त्याला आता पाच वर्षे झाली. दोनदा पूर्व परीक्षा निघाली, मुख्य परीक्षेत मात्र तो थोडक्यात राहिला. कॉट बेसिसवरची खोली ४,००० रुपये, मेस ३,८०० रुपये, अभ्यासिका १,५०० रुपये आणि पुस्तके, टेस्ट सिरीज, प्रवास वगैरे धरून आम्ही दरमहा १२,००० रुपये पाठवतो. गेल्या वर्षी त्यासाठी पत्नीचे दागिने सोनेतारण ठेवावे लागले. धाकटी मुलगी बारावी झाली असून तिला नर्सिंगला जायचे आहे. पैसे बंद करतो म्हणावे, तर मुलगा काही बरेवाईट करून घेईल अशी भीती वाटते. बापाने मुलाला कोणत्या वयापर्यंत पोसावे?

उत्तर : तुम्ही विचारलेल्या वयाबद्दल कायद्याचे उत्तर छोटे आहे. १८ वर्षे पूर्ण झाली की मुलगा सज्ञान होतो आणि १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यातील कलम २० नुसार सुदृढ मुलाला त्यानंतर वडिलांकडे पोटगी मागता येत नाही. अविवाहित मुलीचे स्वतःचे भागत नसेल तर तिला ती मागता येते, आणि वृद्ध किंवा अशक्त आई-वडिलांना मुलांकडे मागता येते. पण आपली घरे या कलमावर चालत नाहीत आणि चालूही नयेत, कारण अठराव्या वर्षी बहुतेकांचे शिक्षणही पुरे झालेले नसते. दुसरा एक दाखला मला अधिक उपयोगाचा वाटतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतरचे कुटुंब निवृत्तिवेतन त्याच्या मुलाला २५ वर्षांपर्यंतच मिळते, तेही तो तोवर कमवू लागला नसेल आणि त्याचे लग्न झाले नसेल तर. शिक्षण संपवून पायावर उभे राहायला एवढा अवधी पुरावा, असा त्यामागचा विचार दिसतो आणि तो रास्त आहे. पंचविशीनंतर मुलाच्या रोजच्या जेवणाचा खर्च आई-वडिलांनी उचलू नये, त्याचे स्वप्न कितीही मोठे असले तरी, असे माझे स्पष्ट मत आहे. आजारपण, अपंगत्व किंवा अचानक गेलेली नोकरी ही कारणे वेगळी आहेत; तेथे वय मोजायचे नसते.

स्पर्धा परीक्षांच्या बाबतीत ही मर्यादा कोणाच्या लक्षात राहत नाही. राज्यसेवेसाठीची कमाल वयोमर्यादा २०१६ मध्ये वाढवून खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे करण्यात आली. आयोग अडतिसाव्या वर्षापर्यंत अर्ज घेतो, याचा अर्थ घराने अडतिसाव्या वर्षापर्यंत मेसचे पैसे भरावेत असा होत नाही; पण सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत राहून अभ्यास करणारी मुले आणि त्यांना गावाकडून पैसे पाठवणारी घरे या दोन्ही गोष्टी एकच धरून चालतात. त्यात एकदा पूर्व परीक्षा निघाली की ‘आता थोडक्यासाठी कसे सोडायचे’ हा विचार पाठ सोडत नाही, आणि प्रत्येक वर्षागणिक माघार घेणे आणखी अवघड होत जाते. तुमचा मुलगा आळशी आहे म्हणून राहिला, असे कोणी गावात म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेतून लाखो उमेदवारांपैकी १,०१६ जणांची शिफारस झाली. उरलेल्यांतही हुशार आणि कष्टाळू मुले होतीच. राज्यसेवेचे चित्र याहून फारसे निराळे नाही. जागाच थोड्या आहेत, आणि म्हणूनच केवळ निकालावर घराचे भवितव्य टांगून ठेवणे योग्य नाही.

आता तुमच्याच आकड्यांचा हिशेब मांडू. दरमहा १२,००० म्हणजे वर्षाला १,४४,००० रुपये झाले. पाच एकरांत चांगल्या वर्षी एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर ४० क्विंटल सोयाबीन होते. २०२४-२५ च्या हंगामातील ४,८९२ रुपये हमीभावाने त्याचे १,९५,६८० रुपये होतात, आणि त्या हंगामात बाजारात हमीभावाइतकाही दर मिळत नव्हता हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातून बियाणे, खत, फवारणी, काढणी आणि मळणी वजा केली तर पुण्याचा खर्च भागत नाही. दागिने बँकेत गेले ते त्यामुळेच. याचा अर्थ मुलाची तयारी आज शेतीच्या उत्पन्नावर चाललेली नाही. ती त्याच्या आईच्या स्त्रीधनावर आणि बहिणीच्या शिक्षणाच्या पैशावर चालली आहे. मुलाला हे ठाऊक आहे का? तुमच्या पत्रावरून तसे वाटत नाही. ‘तू अभ्यास कर, पैशाची काळजी करू नकोस’ असे वडील मायेने सांगतात, पण त्यामुळे २७ वर्षांच्या कर्त्या माणसाला आपल्याच घराची स्थिती कळत नाही.

हे बोलणे फोनवर करू नका. पुण्याला जा, एक दिवस मुलासोबत राहा, त्याच्या मेसमध्ये त्याच्याबरोबर जेवा आणि मग वहीतला हिशेब त्याच्यासमोर उघडा. पैसे बंद करतो, असे म्हणण्यापेक्षा रक्कम आणि तारीख ठरवा. उदाहरणार्थ, पुढचे तीन महिने पूर्ण रक्कम मिळेल, त्यानंतर पुढच्या मुख्य परीक्षेचा निकाल लागेपर्यंत फक्त खोलीचे भाडे मिळेल, मेस आणि अभ्यासिकेचे पैसे त्याने मिळवायचे, आणि निकाल काहीही लागला तरी त्यानंतर घरून पैसे येणार नाहीत, असे दोघांच्या संमतीने लिहून ठेवा. पाच वर्षे अभ्यास केलेल्या पदवीधराला शिकवणी, क्लासमधील उत्तरपत्रिका तपासणे किंवा अर्धवेळ काम पुण्यात मिळू शकते. सारथी, बार्टी, महाज्योती आणि टीआरटीआय या संस्था आपापल्या प्रवर्गांतील निवडक उमेदवारांना प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. त्यांच्या चाळणी परीक्षा त्याने दिल्या आहेत का, हे अवश्य विचारा. तलाठी, बँक लिपिक, संयुक्त परीक्षेतील गट-क ची पदे यांना कमी लेखू नये, हेही त्याला समजावून सांगा. अशा नोकरीत राहून पुढच्या परीक्षा देणारे आणि त्यांतून अधिकारी झालेले अनेक जण आहेत, आणि पगार सुरू झाल्यावर अडतिसाव्या वर्षापर्यंत प्रयत्न करायला त्याला कोणाचीच आडकाठी राहणार नाही.

तुमच्या मनातील भीती मी हलकी मानत नाही. मुलगा बोलेनासा झाला असेल, त्याची झोप आणि जेवण सुटले असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तो करत असेल, तर पैशांचा विषय पूर्णपणे बाजूला ठेवा, त्याला घरी आणा आणि डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते. पण दरमहा पैसे पाठवत राहिल्याने हा धोका टळतो, असे समजू नका, कारण अशा मुलांना मनातून सर्वांत जास्त टोचत असतात ते हेच पैसे. पद मिळाले नाही तरी घर तुझेच आहे, हे वडिलांच्या तोंडून त्याने ऐकायला हवे आणि ते तुम्ही हिशेबाची वही उघडण्याआधी सांगायला हवे.

मुलीच्या बाबतीत उशीर करू नका. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकारने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले आहे. तुम्ही यांपैकी एखाद्या प्रवर्गात येत असाल तर उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आताच काढून ठेवा. वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च राहील. त्याची तरतूद मुलाच्या आधी तिच्यासाठी करा, कारण तिचे शिक्षण अजून सुरू व्हायचे आहे.

प्रश्न : मी २५ वर्षांची असून डोंबिवलीत आई-वडिलांसोबत राहते आणि एका कंपनीत नोकरी करते. दर महिन्याला माझा पूर्ण पगार बाबा त्यांच्या खात्यात वळवून घेतात आणि मला लोकलच्या पासापासून प्रत्येक गोष्टीसाठी पैसे मागावे लागतात. ते माझ्या भल्यासाठीच साठवतात, असे सांगतात. मी कृतघ्न आहे का?

उत्तर : मुळीच नाही. पगार मिळू लागला म्हणजे माणूस स्वावलंबी झाला असे होत नाही. आपल्या पैशांचे काय होते हे त्याला माहीत असावे लागते आणि त्याचा निर्णय त्याच्या हाती असावा लागतो. वरच्या पत्रातील मुलाला हिशेब माहीत नाही कारण वडील तो सांगत नाहीत, आणि तुमचीही अडचण तीच आहे, जरी पैसे तुमचेच असले तरी. बाबांशी भांडण न करता एक निश्चित रक्कम, समजा पगाराचा चौथा हिस्सा, घरखर्चासाठी दर महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या खात्यावर आपोआप जाईल अशी सूचना तुम्ही आपल्या बँकेला द्या आणि उरलेला पगार स्वतःच्या खात्यात राहू द्या. आजवर साठवलेले पैसे कोणाच्या नावावर, कोणत्या ठेवीत आहेत, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक स्वतः चालू करा, आयकर विवरणपत्र स्वतः भरा आणि बाबांच्या आरोग्य विम्यात तुमचे नाव अजून आहे का ते पाहा, कारण अनेक कौटुंबिक पॉलिसींत मुलांना पंचविशीपर्यंतच संरक्षण असते. लग्न ठरेपर्यंत हे सर्व पुढे ढकलावे, असे घरात कोणी सुचवले तर ते मान्य करू नका.

प्रश्न : मी सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरीतून गेल्या महिन्यात, ५८ व्या वर्षी, निवृत्त झालो. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून २५ लाख रुपये हाती आले आहेत. पुण्यात नोकरी करणारा ३१ वर्षांचा मुलगा फ्लॅटसाठी ते मागतो आहे. द्यावेत का?

उत्तर : सगळे देऊ नयेत. खासगी नोकरदारांच्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे (ईपीएस-९५) निवृत्तिवेतन फार थोडे असते, त्यामुळे तुमचे आणि पत्नीचे पुढचे आयुष्य याच रकमेवर जायचे आहे. मुलाच्या हाती नोकरीची जवळपास तीस वर्षे आहेत आणि बँक त्याला गृहकर्ज देईल. त्याने थोडा लहान फ्लॅट घ्यावा. द्यायचेच झाले तर आपल्याला झेपेल तेवढीच रक्कम द्या, आणि सांभाळण्याच्या अटीवर काही बक्षीसपत्र करणार असाल तर ती अट त्या दस्तात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यातील कलम २३ नुसार अशी अट पाळली गेली नाही तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकते, मात्र अट दस्तात नसेल तर ती सिद्ध करणे कठीण जाते. २५ लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीस ५१,२५० रुपये व्याज मिळते. ही योजना एरवी साठीनंतरची असली तरी ५५ वर्षे पूर्ण केलेल्या निवृत्तांना निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यात खाते उघडता येते. तुमचा एक महिना गेला आहे, तेव्हा आधी टपाल कार्यालयात जाऊन खाते उघडा आणि फ्लॅटविषयी मुलाशी त्यानंतर बोला.