काढलेल्या प्रशिक्षकाला परत बोलावणं

प्रश्न : इटलीत खालच्या विभागांतले फुटबॉल क्लब प्रशिक्षकाला काढतात आणि त्याच मोसमात परत बोलावतात म्हणे. खरं का?

उत्तर : अगदी खरं. तिथे प्रशिक्षकाला बाजूला केलं तरी करार सहसा चालूच राहतो आणि पगार द्यावा लागतो. नवा माणूसही चालला नाही, की तिसऱ्याचा पगार अंगावर घेण्यापेक्षा क्लब जुन्यालाच निरोप धाडतो.

अरेत्झोचं उदाहरण घ्या. टस्कनीतला हा क्लब 2006-07 मध्ये सेरी बी या दुसऱ्या विभागात होता आणि शिक्षा म्हणून त्याची सुरुवातच उणे सहा गुणांवरून झाली. ऑक्टोबरात आन्तोनिओ कॉन्तेंना काढलं, मौरित्झिओ सार्री आले. मार्चमध्ये सार्री गेले, कॉन्ते परतले. संघ शेवटी खालच्या विभागात घसरलाच! अशा गुणतक्त्यावरून प्रशिक्षकाची लायकी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

त्यातही सार्रींची वाट मला फार मोलाची वाटते. व्यावसायिक खेळाडू म्हणून नाव नाही, पोटापाण्याला बँकेतली नोकरी. 1990 मध्ये स्तिया या छोट्या गावाचा संघ हाती घेतला. बँकेचं काम आटोपून मैदान गाठायचं, असं कित्येक वर्षं चाललं. मग नोकरी सोडली, आणि तीही खालच्या विभागातल्या क्लबवर असताना! हे धाडस लहान नव्हे. पुढे एम्पोली या क्लबला 2014 मध्ये सेरी आ या पहिल्या विभागात नेलं, तेव्हा वय 55. युव्हेंटस या बड्या क्लबला कॉन्तेंनी सेरी आची सलग तीन विजेतेपदं दिली. 2020 मध्ये त्याच क्लबला सार्रींनीही एक दिलं.