सॉकेटच्या पिना वाकल्या कुणाच्या हातून?

प्रश्न : मी मुलुंडला राहतो आणि घरूनच व्हिडिओ एडिटिंग करतो. नऊ महिन्यांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून साधारण ३ लाख ४० हजारांचा पीसी असेंबल करून घेतला. त्यात मदरबोर्ड ६२ हजारांचा, वॉरंटी ३ वर्षांची. बिल माझ्या प्रोप्रायटरी फर्मच्या जीएसटी नंबरावर आहे. गेल्या महिन्यात रॅमचे चारपैकी दोन स्लॉट बंद पडले. अख्खं कॅबिनेट दुकानात नेऊन दिलं, त्यांनी बोर्ड काढून सर्व्हिस सेंटरला पाठवला. उत्तर आलं, 'सीआयडी (कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज). सॉकेटच्या पिना वाकलेल्या, वॉरंटी लागू नाही.' दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी दुकानदाराकडे. बोर्ड घेऊन जा म्हणून रोज फोन येतात. हातची दोन कामं गेली, त्याचे दीड लाखही मागायचे आहेत. काय करू? आणि नवा बोर्ड घेताना वॉरंटीत काय बघू?

उत्तर : बोर्ड घेऊन या, पण नुसती सही करून नको. पावतीवर 'वॉरंटी नाकारल्याला हरकत नोंदवून, हक्क राखून परत घेतला' असं लिहा. काउंटरवरच सॉकेटचे, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचे, जवळून फोटो काढा, बोर्डावरचा सिरियल नंबर त्याच फोटोत दिसू द्या, आणि सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण बसवून पिशवीत सील करा. मायक्रोस्कोपखाली पिना सरळ करून देणारे कारागीर त्याच रस्त्यावर भेटतील. त्यांच्याकडे जाऊ नका. पिना सरळ झाल्या की तुमचा पुरावाही गेला.

आता मूळ मुद्दा. सीआयडी म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान. सर्व्हिस सेंटर तांत्रिकदृष्ट्या वावगं बोलत नाही : हल्लीच्या इंटेलच्या आणि एएमडीच्या एएम ५ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात. रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो. त्यामुळे एखादी पिन वाकली की रॅमचा एक अख्खा चॅनल, म्हणजे दोन स्लॉट, मरू शकतो. प्रश्न एवढाच की पिन वाकली कधी. असेंबल करतानाच वाकून जेमतेम टेकलेली असेल, तर चूक दुकानाची. आठ महिने सगळं नीट चाललं आणि दोष दिसल्यावर प्रोसेसर काढताना वाकली असेल, तर स्लॉट मुळात दुसऱ्याच कारणाने बंद पडले होते. ते कारण वॉरंटीत येतं, आणि पिनेला जबाबदार दुकान किंवा सर्व्हिस सेंटर. दोन्ही वाटांवर तुमचा हात कुठेच नाही. अर्थात, मधल्या काळात तुम्ही किंवा कुणी ओळखीच्याने थर्मल पेस्ट बदलायला कूलर काढून प्रोसेसर उचलला नसेल तरच. तसं झालं असेल तर नोटीस काढण्याआधी वकिलाला सांगा.

म्हणून दोन कागद आजच ईमेलने मागा. एक, कॅबिनेट जमा केलं तेव्हाची दुकानाची जॉबशीट. दोन, सर्व्हिस सेंटरची बोर्ड आत घेतानाची नोंद. तिथे 'बाह्य नुकसान नाही' असं लिहिलेलं असेल तर अर्धी लढाई तिथेच संपली. कागद देत नाहीत म्हटले तर तो नकारही लेखी घ्या, तोही कामाला येतो.

नोटीस दुकान आणि खोक्यावर छापलेला आयातदार या दोघांना पाठवा. स्पीड पोस्टने, १५ दिवसांची मुदत देऊन. एकट्याला पाठवलीत की तो दुसऱ्याचं नाव सांगून मोकळा होतो. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवा. त्यांना आदेश देता येत नाही, पण मोठे वितरक तिथल्या तक्रारीला सहसा उत्तर देतात.

तेवढ्याने हललं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असली तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. या कायद्यात तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणून तुमच्यासाठी मुंबई उपनगर जिल्हा आयोग. मुदत २ वर्षांची, आणि पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ती वाढत नाही. तक्रार 'सदोष वस्तू' आणि 'सेवेतील त्रुटी' या दोन मुद्द्यांवर बांधा. प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीचं कलम कुणी सुचवलं तर नको म्हणा, कारण वस्तूचं स्वतःचं नुकसान तिथल्या 'हानी'च्या व्याख्येतून वगळलेलं आहे. बोर्ड प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याचा अधिकार आयोगाला कलम ३८ खाली आहे. त्याची वाट न पाहता एखाद्या इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडलेलं बरं.

खरा खड्डा जीएसटीच्या बिलाचा आहे. समोरचा वकील पहिल्याच उत्तरात म्हणणार, 'खरेदी व्यावसायिक कारणासाठी, हा ग्राहकच नाही.' यावर उत्तर कायद्यातच आहे : केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यावसायिक धरत नाहीत. लक्ष्मी इंजिनिअरिंग (१९९५) निकालात सर्वोच्च न्यायालयाने मदतीला एखाददुसरा माणूस असला तरी चालतं, असंही म्हटलं. आणि त्याच न्यायालयाच्या श्रीराम चिट्स (२०२४) निकालाप्रमाणे खरेदी व्यावसायिक होती हे सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर. प्रोप्रायटरी फर्म आणि तुम्ही कायद्याने एकच, प्रायव्हेट लिमिटेड असती तर अवघड होतं. पण हे सगळं तक्रारीत स्पष्ट शब्दांत लिहिलेलं हवं, मागाहून तोंडी सांगून भागत नाही.

आणि इथेच तुमचे ते दीड लाख आड येतात. एकीकडे 'मी साधा ग्राहक' आणि दुसरीकडे 'माझा धंदा बुडाला' असं एकाच कागदावर लिहू नका. माझं मत, ती मागणी सोडा. बोर्डाची किंमत व्याजासह, असेंबलीचे पैसे, मनस्तापाची माफक भरपाई आणि खर्च एवढंच मागा.

नव्या बोर्डाचं बिल स्वतःच्या नावावर घ्यायचं का, हा हिशोब तुमचा. ६२ हजारांत १८ टक्के जीएसटी साधारण ९,४५० रुपये होतो, तेवढी कराची वजावट सोडून वरचा 'ग्राहक की व्यावसायिक' हा वाद टळतो. महागड्या बोर्डासाठी ती वजावट मी सोडायला सांगेन. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल नसेल तर तो माल हातात घेऊ नका. तो समांतर आयातीचा असू शकतो, आणि अधिकृत वितरक अशा सिरियल नंबराला हात लावत नाही. खोकं, बोर्ड आणि बिल, तिन्हीकडे एकच सिरियल नंबर हवा. बोर्ड बदलून मिळाला तर वॉरंटी बहुधा उरलेल्या काळापुरतीच असते. मॉडेल बंद झालं असेल तर तोडीचा बोर्ड देणार की घसारा कापून क्रेडिट नोट, हे दुकानदाराकडून आधीच ईमेलवर घ्या. भारी बोर्डांत हा प्रश्न येऊ शकतो, कारण ३ वर्षांत सॉकेटच बदललेलं असू शकतं.

असेंबलीच्या वेळी समोर उभे राहा. प्रोसेसर बसवण्याआधी रिकाम्या सॉकेटचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, आणि ते प्लॅस्टिकचं झाकण खोक्यात जपून ठेवा. वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते लावलेलं नसेल तर बोर्ड परत येऊ शकतो.